झाकण ठेवा, उकळू नका

प्रश्न: झोपण्याआधी घेण्यासाठी मी कॅमोमाइलची वाळलेली फुलं, लॅव्हेंडर आणि पुदिना एकत्र दहा मिनिटं उकळते. चहा कडू होतो, वर साबणासारखी चव येते. कुठे चुकतंय?

उत्तर: तुम्ही करताय तो काढा. फुलापानांना लागतो फांट, म्हणजे गरम पाणी ओतून मुरवणं. खळखळ उकळलं की सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात (घरभर घमघमाट, कपात काही नाही) आणि कडवट द्रव्यं मात्र पाण्यात उतरत राहतात.

२०० मिली पाण्याला कॅमोमाइल दोन छोटे चमचे, पुदिना अर्धा चमचा आणि लॅव्हेंडर पाव चमचा, त्याहून कणभरही जास्त नको. साबणाची चव त्याचीच. सजावटीच्या लॅव्हेंडरवर अत्तर मारलेलं असू शकतं, खाण्यायोग्य म्हणून विकलेलंच घ्या. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग फुलांवर ओता आणि लगेच झाका. पाच ते सात मिनिटांनी झाकणाला आतून धरलेले थेंब कपातच झटका, वास त्यात असतो. मग गाळा, फुलं कपात राहिली तर कडवटपणा वाढत जातो. चहा पातळ वाटला तर कॅमोमाइल वाढवा, वेळ नाही. ताजी पानं असतील तर वाळलेल्यांच्या तिप्पट.

प्रश्न: ज्येष्ठमध आणि बडीशेप घातली तर चालेल?

उत्तर: चालेल, पण क्रम पाळा. ज्येष्ठमधाचं मूळ कठीण असतं, बोटाच्या पेराएवढा तुकडा आधी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. गॅस बंद केल्यावर फुलं टाका. बडीशेप आयत्या वेळी ठेचून फुलांबरोबरच. अख्खी टाकली तर फारशी उतरत नाही. रक्तदाब जास्त असेल तर ज्येष्ठमध वगळाच, त्याने तो आणखी वाढतो.

प्रश्न: हा चहा कुणी टाळावा?

उत्तर: कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं आहे. त्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर घेऊ नये. रक्त पातळ होण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी झोपण्याच्या तासभर आधी छोटा कप घ्यावा. मोठा मग प्यायलात तर रात्री उठावं लागेल, मग शांत झोप कसली!