सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली, तरी विमा कंपनी म्हणते निम्मी चूक तुमची. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की हडपसरजवळ सिग्नलला थांबलात आणि मागून पिकअप येऊन धडकली. डिकी, बंपर आणि दिव्यांचं मिळून ४२ हजारांचं इस्टिमेट आलंय. पिकअपच्या विमा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ‘तुम्ही अचानक ब्रेक मारलात, निम्मी चूक तुमची.’ तुमची कंपनी म्हणते आमच्याकडून क्लेम घ्या, पण ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल. अपघाताला आठ दिवस झालेत, कंपनीला कळवलंय, पण क्लेम फॉर्मवर अजून सही केलेली नाही.

सही केलेली नाही हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझी सगळी फरफट त्या एका सहीमुळे झाली.

२०१९ मध्ये खेड शिवापूरच्या टोलनाक्याआधी रांगेत आमच्या गाडीला मागून टेम्पोची धडक बसली. आई मागच्या सीटवर होती, तिचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून गाडी टाकायला वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या ॲडव्हायझरने फॉर्म भरून ठेवला होता, मी न वाचता सही केली. ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘पुढे गाड्या थांबल्याने अचानक ब्रेक लावला व मागून धडक बसली.’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, असे फॉर्म तो रोज भरत असावा. गाडीचा क्लेम सुरळीत मंजूर झाला. पण पुढे आईच्या नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला, तेव्हा टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद काढला आणि माझीच सही मला दाखवली.

म्हणून त्या रकान्यात जे घडलं तेवढंच लिहा, तेही स्वतःच्या हाताने. ‘सिग्नल लाल होता, माझी गाडी पूर्ण थांबलेली होती, मागून अमुक नंबरच्या पिकअपने धडक दिली.’ ‘अचानक’, ‘बहुतेक’, ‘माझ्याही लक्षात आलं नाही’ असे शब्द नकोत. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. नुकसान तपासायला सर्व्हेअर येईल तेव्हा त्यालाही हेच सांगा. त्याच्या अहवालाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे.

आता तो फोन. समोरच्याची विमा कंपनी चूक ठरवूच शकत नाही. ती त्या वादातली एक बाजू आहे. ‘निम्मी चूक’ हे तिचं म्हणणं, निकाल नव्हे. निकाल देतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि तिथे फक्त जखमी किंवा मृतांचेच नाही तर मालमत्तेच्या नुकसानीचेही दावे चालतात. खासगी गाड्यांच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, पिकअपच्या पॉलिसीत किती आहे ते पाहून घ्या. कंपनीचं म्हणणं लेखी मागा, सही-शिक्क्यानिशी. मी मागितलं तेव्हा महिनाभर काहीच आलं नाही.

‘अचानक ब्रेक’ या मुद्द्याला कायद्यात थोडा जीव आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार मागच्याने पुढची गाडी एकाएकी थांबली तरी थांबता येईल इतकं अंतर ठेवायचं असतं, आणि पुढच्यानेही सबळ कारणाशिवाय एकदम ब्रेक मारायचा नसतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर कार चालवणं सुरक्षित नाही असं म्हणून मागच्याला जबाबदार धरलं. उलट २०२५ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात महामार्गाच्या मधोमध इशारा न देता गाडी थांबवणाऱ्या कारचालकावर पन्नास टक्के दोष ठेवला. तुमची गोष्ट मात्र लाल सिग्नलची आहे. लाल दिव्याला थांबणं यापेक्षा सबळ कारण कुठलं? तुम्ही थांबलेले होतात एवढं सिद्ध झालं की त्यांचा मुद्दा तिथेच संपतो.

गाडीची दुरुस्ती या वादावर अडवून ठेवू नका. ही गोष्ट आपल्याकडे लोकांना कुणी नीट सांगत नाही. तुमची पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी पॉलिसी असेल, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम देताना चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. लायसन्स वैध असावं, दारू प्यालेली नसावी अशा अटी असतात, पण ‘चूक तुमची’ म्हणून तुमची कंपनी पैसे नाकारू शकत नाही. बोनस जातो तो मात्र चूक नसतानाही जातो, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

म्हणून बोनसचा हिशोब आधी करा. बोनसची सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर नाही. समजा सूट धरण्याआधी तो हप्ता १० हजार आहे. क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी तुमची सूट ४५ टक्के होईल आणि मग ५० वर राहील. क्लेम घेतलात तर शून्यावरून सुरुवात: ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक ४५००, ३०००, २५००, १५०० आणि ५००, म्हणजे एकूण १२ हजार. गाडीची किंमत दरवर्षी कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच. त्यात फाइल चार्ज, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची ठरलेली रक्कम मिळवा, १५०० सीसीपर्यंत हजार रुपये. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड पॉलिसीत नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसेही तुमच्याच खिशातून जातील. इतकं धरूनही ४२ हजारांसाठी मी क्लेम घेतला असता. नुकसान दहा-बारा हजारांचं असतं तर नसता घेतला.

तुमच्या कंपनीने दिलेले पैसे पिकअपवाल्याकडून पुन्हा मागता येत नाहीत. फाइल चार्ज आणि घसाऱ्यापोटी कापलेली रक्कम, जी खरोखर तुमच्या खिशातून गेली, ती न्यायाधिकरणात मागता येते. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही अर्ज करता येतो. मुदत मात्र आता कडक आहे: १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिने लिहिलेत. माझ्या वेळी मुदतच नव्हती, तेव्हा जुन्या लोकांचं ‘सावकाश करा’ ऐकू नका.

तुमच्याच कंपनीने रक्कम अवाजवी कापली तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पण पिकअपच्या कंपनीविरुद्ध लोकपाल ऐकणार नाहीत, कारण तुम्ही तिचे ग्राहक नाही.

आईच्या दाव्याचं काय झालं तेही सांगतो. त्या सहीनंतर मला वाटलं होतं की माझ्या बेफिकिरीने तिचे निम्मे पैसे गेले. दोन गोष्टींनी सावरलं. ती प्रवासी होती, आणि दोन चालकांच्या चुकीत तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण भरपाई कुणाही एकाकडून मागू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आमच्या वकीलबाईंनी दाखवला. दुसरी गोष्ट पंचनाम्यातली. टेम्पोच्या चाकांच्या घसरल्याच्या खुणा त्यात फुटांसकट नोंदवल्या होत्या आणि आमच्या गाडीची एकही खूण नव्हती. ती वाचल्यावर त्या कंपनीने ‘अचानक ब्रेक’ सोडून दिलं आणि २०२२ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. टोलनाक्याचं फुटेज मात्र मिळालं नाही. मी महिन्याने गेलो, तोवर त्यावर नवीन रेकॉर्डिंग झालं होतं.

तुम्ही लिहिलंय की सिग्नलच्या कोपऱ्यावर पेट्रोल पंप आहे. आज संध्याकाळीच तिथे जा. मॅनेजरला तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहिलेला अर्ज द्या, पोच घ्या, आणि फुटेज राखून ठेवण्याची विनंती त्याच अर्जाच्या प्रतीसह पोलीस चौकीतही द्या. फुटेज मिळालं तर ते देणाऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका, त्याशिवाय ते पुरावा म्हणून स्वीकारायला अडचण येते. क्लेम फॉर्म उद्या सकाळी भरला तरी चालेल.