नागपूरहून कॅम्पर व्हॅनमध्ये दोन कुत्रे घेऊन पेंच-ताडोबा फिरता येईल का?

गेटपर्यंत खुशाल जा, पण आत कॅम्परही नाही अन् कुत्रेही नाहीत. सफारी तिथल्या नोंदणीकृत गाडीतूनच, सोबत गाइड. बंदी उगाच नाही: कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-सिंहांनाही होतो, 2018 मध्ये गीरमधले सिंह त्यानं दगावले. तेव्हा निघण्याआधी लसी पूर्ण करा, कार्ड जवळ ठेवा.

मुक्काम पेंचच्या सिल्लारी गेटकडे किंवा ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे, कुत्रे चालतात का हे आधी फोनवर विचारूनच. रस्त्याकडेला कॅम्पर लावून झोपू नका. बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, बिबट्या फिरतो आणि कुत्रा त्याचं आवडतं खाणं. सफारीला दोघांनी आळीपाळीनं जावं, एकानं कुत्र्यांजवळ थांबावं. मे महिन्यात मात्र नकोच, आमच्या विदर्भाच्या उन्हात बंद गाडीतला कुत्रा जिवानिशी जाईल. आणि हो, ताडोबाचा कोर, म्हणजे आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो.