मोटारसायकलसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं की मोबाइलच पुरे? घ्यायचं झालं तर काय बघून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मोबाइल हँडलला लावून फिरता, उन्हात तो तापून मध्येच बंद पडतो, म्हणून आता खास मोटारसायकलचं जीपीएस घ्यायचा विचार आहे. ‘अचूकता कशाची जास्त’ असंही विचारलंय. मी आधी मोबाइल वापरला, मग यंत्र घेतलं, आणि आता दोन्ही वापरतो. म्हणून पहिल्यांदा तो अचूकतेचा मुद्दा मिटवून टाकतो: त्यासाठी वेगळं यंत्र घेत असाल तर घेऊ नका.

मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलसुद्धा साधारण ५ मीटरच्या आत तुमची जागा दाखवतो, आणि रस्ता शोधायला तेवढं पुष्कळ झालं. जागा काढायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. आजचे मोबाइल अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ यांचेही उपग्रह वापरतात, त्यामुळे चाराची ददात सहसा पडत नाही. उंच इमारतींच्या गल्लीत संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि तुमचा बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, पण तो महागड्या यंत्रावरही मारतो. खरा फरक पडतो तो पाणी, ऊन, हातमोजे, हादरे आणि वीज या पाच ठिकाणी. थोडक्यात, नकाशा मांडणारा मेंदू दोघांचा सारखाच, कातडी वेगळी.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण माझी तिथेच फजिती झाली. मोबाइलची काच बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखते. पाण्याच्या थेंबानेही तसाच बदल होतो, त्यामुळे काचेच्या लेखी थेंब म्हणजे बोटच. एका धुवाधार पावसात माझा मोबाइल पारदर्शक पिशवीत होता, आत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. पण पिशवीवर पडणाऱ्या थेंबांनी आधी नकाशा लहान-मोठा केला, मग ठरवलेला रस्ता रद्द केला आणि शेवटी थेट आमच्या साहेबांना फोन लावला. रविवारी सकाळी सात वाजता. हेल्मेटच्या आतून मी ‘सर, पाऊस आहे’ एवढंच बोलू शकलो.

म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भुलू नका. आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटं ठेवून तपासलंय. एक्सच्या जागी आकडा असता तर धूळ तपासली असं समजायचं, एक्स म्हणजे त्याबद्दल काही दावा नाही. आणि स्थिर पाण्याची चाचणी पास झालेली वस्तू गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यासमोर टिकेलच असं नाही. ती चाचणी वेगळी असते. गाडी धुवायला देताना यंत्र काढून खिशात टाका, एवढं केलं तरी बास. पण पाणी आत शिरू न देणं आणि पाण्यातही स्पर्श नीट ओळखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोटारसायकलच्या यंत्रांची काच ओल्या हातमोज्यांना दाद देईल अशी जुळवलेली असते, बटणंही मोठी असतात. पैसे मोजायचे ते यासाठी.

आता तुमचं दुखणं, ऊन. ॲपल आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं असं स्वतःच सांगते. तुम्ही मात्र त्याला भर उन्हात काळ्या पाठीवर तळत ठेवता, उजेड पूर्ण वाढवता, नकाशा चालू ठेवता आणि वर चार्जिंगही लावता. मग मोबाइल जीव वाचवायला स्क्रीन अंधुक करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी डोळे मिटतो. गंमत अशी की उजेड सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तेव्हाच तो कमी होतो. नवं काही विकत घेण्याआधी तीन गोष्टी करून बघा. वायरलेस चार्जिंगचा होल्डर असेल तर तो काढून साधी वायर लावा, कारण वायरलेसमध्ये बरीच वीज उष्णतेतच वाया जाते. बंद पिशवी काढा, मोबाइलच्या पाठीला वारा लागू द्या. आणि लांब सरळ रस्ता असेल तेव्हा स्क्रीन बंद ठेवून फक्त आवाजावर चाला. निम्म्या लोकांचं काम यातच भागतं.

हादऱ्यांबद्दल एवढंच: सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने जाहीरपणे इशारा दिला की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या थरथराटाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग तरंगतं ठेवलेलं असतं, त्याची यंत्रणा ढिली पडते. हे दुखणं एकाच कंपनीच्या फोनपुरतं नाही, अशी यंत्रणा ज्या ज्या फोनात आहे त्याला हा धोका आहे. हादरे शोषणारा रबरी सांधा मिळतो, तो लावावा. किंवा घरात पडलेला जुना मोबाइल हँडलवर जाऊ द्यावा आणि चांगला खिशात ठेवावा. मला विचाराल तर पहिला प्रयोग हाच करा: जुना फोन, त्यात सिमकार्ड नाही, नकाशे आधीच उतरवून घेतलेले. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर, चालणारी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप इंटरनेटशिवाय पूर्ण रस्ता काढून देतात.

‘रेंज गेली की जीपीएस जातं’ असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय, ते तसं नाही. उपग्रहाला तुमच्या सिमकार्डाशी देणंघेणं नसतं. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. एक गोष्ट मात्र खरी. फोनला रेंज असली की उपग्रह कुठे आहेत याची माहिती तो नेटवर्कवरून झटकन घेतो. नसली तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि उपग्रह बोलतो फार सावकाश, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाची स्वतःची माहितीच ३० सेकंद घेते, सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं. म्हणून बरेच दिवस बंद असलेलं यंत्र चालू केल्यावर लगेच गाडी हाकू नका. मिनिट-दोन मिनिटं मोकळ्या आकाशाखाली थांबा, तेवढ्यात हेल्मेट चढवून होतं.

विजेबद्दल कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. मी पहिल्यांदा १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडला. सुटसुटीत वाटलं. दोन आठवडे गाडी उभी होती, मग स्टार्टर दाबला तर नुसतं टक् झालं. हिशेब साधा आहे: काही न लावताही तो कन्व्हर्टर २० मिलिअँपिअर पीत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास गेला, चौदा दिवसांत पावणेसात. मोटारसायकलची बॅटरी ८ अँपिअर-तासांची असली तर उरलं काय? तेव्हा जोडणी चावी चालू केल्यावरच वीज मिळेल अशा वायरीवरून घ्या, आणि तिला स्वतःचा छोटा फ्यूज हवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

खास यंत्राचा एक मोठा फायदा इथे दिसतो. त्याची वीज पाळण्यातून, म्हणजे गाडीवर कायम बसवलेल्या खोबणीतून, धातूच्या टिकल्यांवाटे येते. यंत्र बसवलं की चार्जिंग सुरू, काढलं की बंद, हलणारी पिन मध्ये नाहीच. मोबाइलची यूएसबी-सीची पिन तासन्‌तास थरथरून सैल होते आणि ओली झाली तर बरेच फोन चार्जिंगच नाकारतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी स्वतः यंत्र घेतलं ती. तुम्ही फक्त ‘इथून तिथे ने’ एवढंच म्हणणार असाल तर हा भाग सोडून द्या. पण स्वतः रस्ते निवडून, दोन-तीन दिवसांची वळणावळणांची सफर आखायची हौस असेल तर जीपीएक्स फाइल हा शब्द लक्षात ठेवा: आखलेला रस्ता साठवून एका यंत्रातून दुसऱ्यात नेता येतो तो या फाइलमधून. त्या फाइलमध्ये ट्रॅक असू शकतो किंवा रूट. ट्रॅक म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ: शेकडो-हजारो बिंदू, जसे आहेत तसे. रूट म्हणजे मोजकी ठिकाणं, त्यांच्या मधला रस्ता यंत्राने आपल्या बुद्धीने शोधायचा. आणि प्रत्येक यंत्राची बुद्धी, नकाशा आणि पसंती वेगळी. आम्ही तिघं एकदा एकच फाइल घेऊन निघालो, पाच ठिकाणांची. पहिल्या फाट्यालाच तीन यंत्रांनी तीन दिशा दाखवल्या. मी ज्या घाटासाठी अख्खी सफर आखली होती तो टाळून माझ्या यंत्राने मला इमानेइतबारे महामार्गावर नेलं, कारण ते जलद होतं.

तेव्हापासून मी जिथे जिथे यंत्राला मोह होईल तिथे एक बिंदू पेरतो. हे बिंदू दोन प्रकारचे असतात. थांब्याचा बिंदू चुकला तर यंत्र ‘मागे फिरा, मागे फिरा’ करत राहतं. वळण देणारा बिंदू मुकाट असतो, फक्त रस्ता ओढून आपल्या बाजूला आणतो. पेट्रोल आणि मुक्काम सोडून बाकी सगळे दुसऱ्या प्रकारचे ठेवा. बिंदू चौकात ठेवू नका, दोन चौकांच्या मध्ये रस्त्याच्या पोटात ठेवा, आणि ठेवताना नकाशा पुरता मोठा करा. नाहीतर तो समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूवर पडतो आणि यंत्र तुम्हाला तीन किलोमीटर पुढे नेऊन वळवून आणतं. आणि रस्ता चुकला की आपोआप नवा रस्ता काढण्याची सोय बंद करता येते का, हे घेण्याआधीच तपासा.

मग घ्यायचं कोणतं? गार्मिनच्या झूमो मालिकेतलं एक्सटी २०२०चं, साडेपाच इंची. त्यानंतर २०२३मध्ये आलेलं एक्सटी२ सहा इंची. टॉमटॉमचं रायडर ५५० जुनं, ४.३ इंची. या घराण्यातली यंत्रं वळणांचे रस्ते मुद्दाम शोधून देतात, हातमोज्यांनी चालतात, पाण्याला भीत नाहीत. बीलाइन मोटो अगदी वेगळं, घड्याळाएवढी गोल तबकडी, त्यावर बाण आणि अंतर. नकाशाचं काम खिशातला फोन करतो. ज्यांना स्क्रीनकडे बघत बसायची सवय मोडायची आहे त्यांना मी तेच सुचवतो. तिसरी जात कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा वेगळ्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) दाखवणाऱ्या पडद्यांची. पडदा पाणी-ऊन सोसतो, पण डोकं फोनचंच, त्यामुळे फोन खिशात तापतो आणि रेंज गेली की फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या नकाशांवरच सगळी मदार.

इंच मात्र फार मोजू नका. ताशी ६० किलोमीटरने जाताना एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. स्क्रीनवर दोन सेकंद नजर टाकली की ३३ मीटर तुम्ही आंधळे. म्हणून यंत्र टाकीवर नको, मीटरच्या वर, नजरेच्या ओळीत बसवा. आणि शक्यतो हेल्मेटमधल्या ब्लूटूथ स्पीकरवर सूचना ऐका. तुमचा हेडसेट यंत्र आणि फोन दोघांनाही एकाच वेळी जोडता येतो का, ते मात्र पाहून घ्या. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा. माझ्या एका मित्राच्या गाडीत वळताना क्लचची वायर होल्डरला अडकत होती, ते उभ्या गाडीवर कळलं म्हणून ठीक. माऊंट, म्हणजे होल्डर हँडलला जोडणारा सांधा, एक इंची गोळ्याचा घेतलात तर उद्या यंत्र बदललं तरी तोच चालतो.

‘आजीवन नकाशे’ हा शब्दही नीट वाचा. आयुष्य तुमचं नाही, यंत्राचं. कंपनी त्या मॉडेलला जोवर नकाशे पुरवते तोवर. तुम्ही जिथे फिरता तिथले नकाशे त्या मॉडेलला मिळतात का, हे तर खरेदीच्या आधीच बघायला हवं.

माझा सल्ला तुमच्यापुरता: तुमची अडचण फक्त तापण्याची आहे, म्हणून आधी जुना फोन, साधी वायर आणि चावीवरची वीज यांवर एक हंगाम काढा. पावसात फिरायला लागलात किंवा रस्ते आखायची चटक लागली की मग यंत्र घ्या, तेव्हा ते वसूल होईल.

आणि वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर चालू करून तारीख बघा. जीपीएस आठवडे १० बिटांत मोजतं, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. तसं शेवटचं झालं ६ एप्रिल २०१९च्या रात्री. ज्या जुन्या यंत्रांना त्यासाठी सुधारणा मिळाली नाही, त्यातली काही आजही जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. तसं दिसलं तर परत करा. पाठ फुगलेली असेल तरीही परत करा, आतली बॅटरी गेलेली आहे.