रक्ताची जेनेटिक टेस्ट निगेटिव्ह आली, पण मुलीचा एकच पाय वाढतोय, मग कारण सापडणार कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 2 वर्षांची आहे, डावा पाय आणि त्याची दोन बोटं उजव्यापेक्षा भराभर वाढतायत, एक्झोम (जीन्सचे महत्त्वाचे भाग एकदम वाचणारी टेस्ट) केली तर काहीच निघालं नाही, म्हणजे आजार जेनेटिक नाहीच का. आधी रिपोर्टचं पहिलं पान काढा आणि स्पेसिमेनपुढे, म्हणजे नमुना कशाचा घेतला तिथे, काय लिहिलंय बघा. ब्लड असेल तर त्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच की रक्तात सापडलं नाही.

मी डॉक्टर नाही, आई आहे. आम्ही भंडाऱ्याकडचे, इकडे कुणाचा पाय जाड दिसला की पहिलं नाव हत्तीरोगाचं निघतं, त्यामुळे दीड वर्षाच्या लेकाला घेऊन दोनदा रात्री रक्त द्यायला गेलो (ते जंतू रात्रीच रक्तात फिरतात), पोरगं झोपेतून उठून सुई बघून जे रडलं ते अजून आठवतं, आणि निघालं काहीच नाही. मग मी दर महिन्याच्या 1 तारखेला त्याचे दोन्ही पाय वहीवर ठेवून पेन्सिलने कडा काढायला लागले. पुढे जेनेटिक्सच्या मॅडमनी फाईल बाजूला ठेवून आधी ती वहीच पाहिली, उजव्या पायाची रेघ दर पानावर पुढे सरकत होती आणि डावा आपला वयाप्रमाणे.

त्यांनी समजावलं ते असं. काही आजारांत दोष गर्भ राहतानाच असतो, म्हणून तो प्रत्येक पेशीत जातो आणि रक्तातही सापडतो. सोटोस सिंड्रोम तसा, त्यात अख्खं मूलच मोठं वाढतं, त्याचा एनएसडी1 जीन 2002 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी शोधला. पण एकाच बाजूची वाढ असेल तर बहुतेकदा चूक नंतर झालेली असते, गर्भातल्या कुठल्या तरी एका पेशीत, आणि मग तिच्या पिल्लावळीतच राहते. कणीक मळून झाल्यावर गोळ्याच्या एका कोपऱ्यात हळद सांडली तर तिथल्याच पोळ्या पिवळ्या होणार ना, तसं. याला मोझेक म्हणतात.

प्रोटियस सिंड्रोम म्हणून एक आजार आहे, त्यात शरीराचे काही भागच बेसुमार वाढतात, त्याचं कारण याच पायी इतकी वर्षं सापडत नव्हतं. रुडॉल्फ हॅपल नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी 1987 मध्येच मोझेकचा अंदाज बांधला होता, पण पुरावा मिळाला थेट 2011 मध्ये, अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या लेस्ली बीसेकर यांच्या टीमला. त्यांनी वाढलेल्या भागाचे तुकडे घेतले, न वाढलेल्या भागाशी ताडून पाहिले, आणि 29 पैकी 26 पेशंटमध्ये एकेटी1 जीनमधलं एकच अक्षर बदललेलं निघालं, सगळ्यांत तेच! त्या तुकड्यांत बदललेल्या जीनचं प्रमाण कुठे 1 टक्का, कुठे 50 टक्क्यांच्या आसपास, रक्तात मात्र बहुतेकांच्या नाहीच.

आता टक्क्यांची भानगड. मशीनने एखादी जागा 100 वेळा वाचली तर सगळ्या पेशींतला दोष साधारण 50 वेळा दिसतो, कारण जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच तो असतो. 4-5 वेळाच दिसला तर साधं सॉफ्टवेअर त्याला वाचनातली चूक समजून टाकून देतं. म्हणून वाढलेल्या भागातला तुकडा हवा आणि तीच जागा निदान हजारदा वाचणारी टेस्ट हवी.

आमची चूक सांगते. लेकाच्या बोटाचं ऑपरेशन करून जास्तीची चरबी काढली, ती फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेली, रिपोर्ट आला की साधी चरबी आहे, आणि डीएनए तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, ना त्या हॉस्पिटलच्या ना आमच्या. 8 महिन्यांनी मेणातला ब्लॉक शोधून काढला पण फॉर्मलिनने डीएनए खराब झालेला, टेस्ट फेल. शेवटी 3 मिलिमीटरची पंच बायोप्सी केली (गोल सुरीने त्वचेचा छोटा तुकडा काढतात), त्यात पीआयके3सीए या जीनमधला दोष निघाला, 11 टक्के वाचनांत.

नाव कळून पाय लहान झाला नाही, पण पुढच्या बाळाला धोका वाढत नाही हे कळलं, आणि सासूबाईंचं ‘ग्रहणात भाजी चिरली होतीस’ एकदाचं बंद झालं. याच जीनच्या आजारांसाठी अल्पेलिसिब म्हणून गोळी आहे, मूळची कॅन्सरची, अमेरिकेत एप्रिल 2022 मध्ये 2 वर्षांपुढच्या गंभीर पेशंटसाठी मंजूर झाली. आम्हाला डॉक्टरांनी तूर्त नको म्हटलंय.

अजून एक, हे टाळू नका. एका बाजूच्या वाढीत 11व्या क्रोमोसोमची मिथायलेशन टेस्ट (डीएनएवरच्या, जीन चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा बघणारी) वेगळी सांगावी लागते, एक्झोममध्ये ती गडबड दिसत नाही. त्यातल्या काही मुलांना किडनीच्या ट्यूमरचा धोका असतो म्हणून दर 3 महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात, तुमच्या मुलीला लागेल का ते कारण सापडायची वाट न बघता आत्ताच विचारा. आणि पायाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर त्याआधी जेनेटिक्सवाल्यांशी बोलून ठेवा, त्याच भुलीत ताजा तुकडा घेता येतो, फक्त तो फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही हे सर्जनला आदल्या दिवशीच सांगा.