पोटातला गॅस सोडताना

प्रश्न : आमच्या रुग्णालयात पित्ताशय, अपेंडिक्सची ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. करोनासारखी साथ पुन्हा आली, तर पोटात भरलेल्या गॅसमधून ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) माणसांना लागण होऊ शकते का? धूर ओढणारं यंत्र आमच्याकडे नाही.
– ओटी परिचारिका, सांगली जिल्हा

उत्तर : शंका रास्त आहे. मार्च २०२०मध्ये ब्रिटनमधल्या सर्जनांच्या संस्थांनी याच भीतीने शक्यतो दुर्बीण टाळायला सांगितलं होतं. पुढे तो सल्ला सैल झाला. कॉटरीच्या (विजेच्या उष्णतेने पेशी कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) धुरात हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, मात्र या धुरातून करोना झाल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. शिवाय पोट उघडलं तरी धूर होतोच, तोही थेट तुमच्या तोंडासमोर. दुर्बिणीत तो कोंडलेला असतो, त्यामुळे कुठून सुटतो तेवढं सांभाळायचं.

छेद ट्रोकारच्या (पोटात दुर्बीण आणि अवजारं घालायची नळी, तिलाच पोर्टही म्हणतात) मापाचाच हवा. कडेने फुसफुस ऐकू आली, की तिथे टाका घालून घट्ट करायला सांगा. पोटातल्या गॅसचा दाब १५ऐवजी १० ते १२ मिमी पारा ठेवून काम होत असेल तर तेवढाच ठेवावा. सगळ्यात वाईट सवय म्हणजे चित्र धूसर झालं की पोर्टचा कॉक (तोटी) उघडून फुस्सकन गॅस सोडणं. तो जवळ उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर येतो.

यंत्र नसेल तर ट्रोकारच्या बाजूच्या कॉकला नळी, तिला भुलेच्या सर्किटमधला (भूल देण्याच्या यंत्राच्या नळ्यांमधला) विषाणू-जिवाणू फिल्टर आणि त्यापुढे मंद सक्शन. सक्शन जोरात ठेवलं तर पोट बसतं. फिल्टर ओला झाला की चोंदतो, लगेच बदला. काही ठिकाणी नळी १ टक्का हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशक द्रावणाच्या) बाटलीत बुडवतात. पण बुडबुड्याच्या पोटातला गॅस द्रावणाला न लागताच वर येतो. फिल्टरची जागा ती बाटली घेऊ शकत नाही.

पित्ताशय बाहेर काढण्याआधी, ट्रोकार काढण्याआधी किंवा पोट उघडायचं ठरलं तर त्याआधी सगळा गॅस फिल्टरमधूनच काढा. इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरणारं मशीन) बंद करण्यापूर्वी पोर्टचा कॉक बंद करा, नाहीतर गॅस उलटा मशीनमध्ये शिरतो.

आणि भूल देताना घशात नळी घालतात, ती वेळ या धुराहून जास्त जोखमीची मानली जाते. तेव्हा आत भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस पुरे, दोघांनाही एन-९५. ओटीतली हवा तासाला २० वेळा बदलत असेल तर बाकीच्यांनी नळी घातल्यावर १४ मिनिटांनी आत यावं, १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटांनी. साधा स्प्लिट एसी यात धरू नका. तो खोलीतलीच हवा फिरवतो.