श्रेयनामावलीतलं आडनाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या फिल्मच्या श्रेयनामावलीत आडनाव लावायचं नाही आणि बाबांना एक फ्रेमही दाखवायची नाही, असं तू ठरवलंयस. 'नाहीतर सगळे म्हणतील, बापानंच केली.' हे लिहिताना तुला किती लागलं असेल ते मला कळतं. पण तुझ्या आजोबांच्या वेळेपासून मी तुमच्या घरातल्या फिल्म कापतोय. माझ्या टेबलाखाली बसून तू टाकाऊ तुकडे उजेडात धरून बघायचीस. त्या हक्कानं सांगतो, हा निर्णय बदल.

समीरा मखमलबाफचं नाव तू ऐकलं असशील. १९८० साली तेहरानमध्ये जन्मलेली. वडील मोहसेन मखमलबाफ, इराणमधले मोठे दिग्दर्शक. १७ वर्षांची असताना तिनं टीव्हीवर एक बातमी पाहिली. तेहरानच्या गरीब वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बापानं आपल्या जुळ्या मुलींना ११ वर्षं घरात कोंडून ठेवलं होतं. आई आंधळी. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मुली बाहेर आल्या. त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

आपण काय केलं असतं? माणसांना भेटलो असतो, वर्षभर पटकथा घोटली असती, बाहुल्यांसारख्या दोन बालकलाकार शोधल्या असत्या. समीरा थोड्याच दिवसांत त्या घरी गेली. त्याच मुली, तोच बाप, तीच गल्ली. ११ दिवसांत शूटिंग संपलं. १९९८ साली 'सीब', म्हणजे सफरचंद, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्या चित्रपटाच्या लेखनात वडील होते. संकलनही वडिलांचंच. लोक बोलायचे ते बोललेच. पण तिनं ना वडिलांचं नाव लपवलं, ना स्वतःचं आडनाव.

आता तो चित्रपट नीट बघ. मुलगी म्हणजे फूल, ऊन लागलं तर कोमेजेल, असं त्या बापाला मनापासून वाटतं. समाजसेविका येते, त्यालाच घरात कोंडते, हातात करवत देते आणि सांगते, हे गज काप. त्या म्हाताऱ्याला गुन्हेगार करून सोडून देणं किती सोपं होतं! कॅमेरा तसं करत नाही. त्याची लाजही दाखवतो आणि भीतीही. बाहेर मुली पहिल्यांदाच गल्लीभर हिंडत असतात. माझ्या मते ही नजर समीराची आहे. मुलगी होऊन वाढल्याशिवाय ती येत नाही, आणि ती कुठल्याही बापाला उसनी देता येत नाही.

त्यांच्या घराबद्दलही सांगतो, कारण तुझं घर मला त्याच्या जवळचं वाटतं. मोहसेननी शंभर मुलांना सिनेमा शिकवायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी घरातच शाळा काढली. समीरानं नेहमीची शाळा सोडली. या घरच्या शाळेत एकेका विषयाला बरेच दिवस द्यायचे, आणि विषय तरी कोणते? कविता, पोहणं, सायकल, स्वयंपाक. सावत्र आई मर्झिये दिग्दर्शक झाली. भाऊ मेसाम यानं बहिणीच्या शूटिंगवर माहितीपट केला. आणि धाकटी हाना! समीरा काबूलमध्ये कलाकार शोधत होती, तेव्हा या १४ वर्षांच्या पोरीनं छोट्या कॅमेऱ्यानं बहिणीलाच टिपलं. घाबरलेल्या माणसांना राजी करतानाचा समीराचा हट्ट आणि तिची चिडचिड, काही झाकलं नाही. माझ्यासाठी खरं घराणं ते. तुझ्या बाबांना रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, दाखवशील तेव्हा त्यांच्याकडून असाच खरेपणा माग. कौतुक तुला आत्याही देईल.

'ब्लॅकबोर्ड्स' या चित्रपटासाठी २००० साली कानचं ज्युरी पारितोषिक मिळालं तेव्हा समीरा २० वर्षांची होती. कुर्दिस्तानच्या डोंगरातले शिक्षक पाठीवर फळे घेऊन विद्यार्थी शोधत फिरतात. तोच फळा पुढे जखमीला वाहून नेतो, मोडक्या पायाची फळी होतो. एका वस्तूकडून एवढं काम करून घेणं तुला लिहून जमणार नाही, तिथे जाऊन उभं राहावं लागेल. २००३ मध्ये काबूलमधल्या चित्रपटासाठी तेच पारितोषिक पुन्हा मिळालं. पुढच्या चित्रपटाच्या वेळी अफगाणिस्तानात सेटवर बॉम्ब फेकला गेला, माणसं जखमी झाली. वडिलांनी इराण सोडला. आडनावानं तिला यातल्या कशापासूनही वाचवलं नाही.

आता तुझं. तू मला दोन गोष्टी पाठवल्यास. पहिली २२ पानांची, राजकारण, खून, पाठलाग. वाचताना प्रत्येक पानावर मला तुझे बाबा दिसले. दुसरी अर्ध्या पानाची. कुणी येणार नसताना रोज दुपारी एसटी स्टँडवर येऊन बसणारे ते आजोबा, आणि गाडी लागली की त्यांचं उठून उभं राहणं. खाली तू लिहिलंयस, 'ही अजून कच्ची आहे.' मला ती तशीच हवी.

सोमवारी स्टँडवर जा. आधी कॅमेरा पिशवीतच ठेव, त्यांच्याबरोबर चहा घे, त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर काढ. बाबांची ती जुनी ५० एमएमची लेन्स मागून घे, ते देतील. पहिल्या दिवसाचं फुटेज न कापता माझ्याकडे आण. संध्याकाळी बाबांनाही बोलावतो, तिघं बसून सलग बघू.

तुझा,
काका