लक्षद्वीपला निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की हेच प्रश्न येतात आणि निम्मे ऐकीव माहितीवर उभे असतात. म्हणून एकत्र उत्तरं देतो.

लक्षद्वीप भारतातच आहे. आता परवाना लागत नाही म्हणे? (पुणे)
लागतो. पर्यटकाला प्रवेश परवान्याशिवाय जाता येत नाही.

एजंट म्हणतो, आधी पूर्ण पैसे भरा, परवाना मागाहून येईल. (नाशिक)
भरू नका. परवाना नाकारला तर किती पैसे परत मिळणार, हे आधी लेखी घ्या. परवान्यावर कोणती बेटं आहेत तेही वाचा. एका बेटाचा परवाना दुसरीकडे चालत नाही. पोलिसांकडच्या चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून ती मिळत नाही. सध्या कोणती कागदपत्रं लागतात, ते लक्षद्वीप प्रशासनाच्या कोचीतल्या कार्यालयालाच विचारा.

जूनमध्ये निम्म्या दरात पॅकेज मिळतंय. घ्यावं का? (ठाणे)
नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून तर दर निम्मा. ऑक्टोबरनंतर जा.

वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, हृदयाची गोळी चालू आहे. जहाजाने नेऊ का? (सांगली)
कोचीहून बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. त्याहून अवघड म्हणजे, काही बेटांवर जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात हलत्या लहान होडीत उतरावं लागतं. हे डॉक्टरांना असंच्या असं सांगा आणि मग त्यांचं ऐका. गंभीर रुग्णाला कोचीला हलवावं लागतं.

किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं पोवळं मुलांनी आणलं तर काय बिघडतं? (कोल्हापूर)
बिघडतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळ्याला संरक्षण आहे. ‘मेलेलंच होतं’ म्हणून सुटका होत नाही.

पण मला कायद्याहून बेटांची काळजी आहे. ३६ बेटांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. डोंगर नाही, नदी नाही. पायाखालची पांढरी वाळू म्हणजे पोवळ्याचाच चुरा. बाहेरच्या प्रवाळभिंतीवर लाट फुटते, म्हणून आतलं लगून, म्हणजे भिंत आणि बेट यांच्यामधलं उथळ पाणी, शांत राहतं. विहिरीचं गोडं पाणी याच वाळूत, खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला, पोवळी पांढरी पडली, पुष्कळशी मेली. जी जगली त्यांच्यावर सुकतीच्या वेळी फोटोसाठी माणसं उभी राहतात! मोडायला एक पाऊल पुरतं, वाढायला वर्षानुवर्षं लागतात. पाणी कमरेएवढं असलं तरी पाय वाळूवरच टेकवा. वाळू कुठे आहे ते होडीवाल्याला विचारून मगच उतरा. मुलांना हे घरूनच सांगून न्या.

दारू सोबत नेता येईल? (मुंबई)
नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी अगत्तीहून विमान, जमेल ना? (नागपूर)
वेळेत बसेल, पण करू नका. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला अवधी लागतो. लगेच विमानात बसलात तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. मधे १८ ते २४ तास ठेवा. बुडी मारण्याआधी प्रशिक्षकाला विमानाची वेळ सांगा.